यांना टेबलापासून हलवू नये

तापलेले सोल्डरिंग आयर्न यांच्या हातातून काढून घेतले, स्टँडवर ठेवले, भिंतीतला प्लग ओढला आणि बोट नळाखाली धरले. माझे बोट. यांना काही झालेले नाही. ते खुर्चीवर बसून रिकाम्या हाताने हवेत तारा जोडत आहेत. तेवढ्यात मला हे लिहून काढायचे आहे. अक्षर वाकडे आले तर ते भाजलेल्या बोटामुळे, बुद्धी ठिकाणावर नाही असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझे नाव, वय आणि पत्ता वकिलांनी वरच्या पानावर टंकून दिले आहेत. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी केलेले नाही. पोटातले दुखणे कुठवर आले आहे ते डॉक्टरांनी परवा फिल्म उजेडाला धरून दाखवले. मी विचारले, "पुढच्या फिल्मपर्यंत आहे का मी?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार प्रश्न विचारता." तेव्हा उत्तर मिळाले.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझ्या पतीबद्दल एकच ओळ होती. 'पती सध्या अक्षम असून त्यांची योग्य ती व्यवस्था वारसांनी करावी.' मी ती खोडली. माझी सारी नोकरी शाळेत मुलांचे निबंध तपासण्यात गेली. 'योग्य ती' असे लिहिणाऱ्याला काय योग्य ते ठाऊक नसते, एवढे मला कळते. माझा कच्चा मजकूर पाहून वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असली वाक्यं चालत नाहीत."

"चालत नसतील तर बसू द्या," मी म्हटले.

ते हसले. "सही तेवढी साक्षीदारांसमोर करा, म्हणजे झालं."

घर. पहिल्या मजल्यावरचे हे घर माझ्या पगारातून घेतलेले आणि माझ्याच नावावर आहे. मागे स्वयंपाकघर, मध्ये निजायची खोली, पुढे रस्त्याच्या बाजूला वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे एक लांब टेबल, त्याच्या मागे उपकरणांची मांडणी, खाली दोऱ्यांनी बांधलेल्या केबलींची खोकी. हे इथे मोजमापाची बिघडलेली उपकरणे दुरुस्त करीत. कारखान्यांतून, कॉलेजांतून हातगाडीवरून यंत्रे येत आणि जिन्यावर हमाल यांना शिव्या देत. यांना त्या ऐकू येत नसत. यंत्राचे झाकण उघडेपर्यंत यांना काहीच ऐकू येत नसे.

हे घर मी धाकटीला देते. धाकटी म्हणजे माझी मुलगी. ती दुसऱ्या गावी राहून दातांच्या कवळ्या बनवते. "माझ्याकडे येणाऱ्यांना दातच नसतात," ती म्हणते, "त्यामुळे कुणी दातओठ खात नाही." घर देताना माझी अट अशी आहे, की हे हयात असेपर्यंत पुढची खोली आहे तशी राहील, टेबल हलवायचे नाही, यांना टेबलापासून हलवायचे नाही, आणि धाकटीने स्वतः येऊन इथे राहायचे. अट मोडल्यास घर विकून येईल ते दोघा मुलांत समसमान वाटावे.

हे मी धाकटीला विचारलेले नाही. विचारले आणि ती नाही म्हणाली तर माझ्याजवळ दुसरे काही नाही. न विचारता लिहिले तर निदान लिहिलेले राहील.

बँकेत जे असेल ते आणि माझे दागिने थोरल्याला, माझ्या मुलाला. त्याने वाईट वाटून घेऊ नये. घर त्याला का नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण नंतर तो विसरेल आणि सून विसरणार नाही. मागच्या भेटीत तो कसलेसे छापील पुस्तक घेऊन आला होता. त्यात हिरवळ होती, हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर म्हातारी माणसे दात दाखवीत बसली होती.

"आई, तिथे रात्रंदिवस नर्स असते. बाबांना काय कमी पडेल, सांग."

"टेबल."

"टेबलं आहेत गं तिथे."

"त्यांच्यावर काय असतं?"

त्याने पान उलटून पाहिले. "फुलदाण्या," तो म्हणाला, आणि त्याचे त्यालाच हसू आले. मलाही आले. मग तो रडला. माझा थोरला कठोर नाही. त्याला घाई असते. बापाच्या समोर बसला की तो दर खेपेला विचारतो, "बाबा, मी कोण, ओळखा बरं?" हा प्रश्न यांना विचारू नये. का ते पुढे येईल.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे थोरल्याकडे राहून आले. तिथे ते बोलले नाहीत. एक शब्द नाही. गॅसची बटणे फिरवीत आणि बर्नरकडे बघत थांबत. सून घाबरली. तिची चूक नव्हती, मीही घाबरले असते. परत आणले, टेबलाशी बसवले, तेव्हा यांनी पहिल्यांदा तोंड उघडले आणि म्हणाले, "उशीर झाला गिऱ्हाइकाला."

म्हातारी. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला जे जुने उपकरण आहे त्याला आम्ही घरात म्हातारी म्हणतो. तो सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप आहे, म्हणजे विजेचे धक्के पडद्यावर दाखवणारे यंत्र. भंगारवाला आणि जुन्या वस्तूंचा हौशी, दोघेही तिच्यावर टपून आहेत. एकाला तिचे पितळ हवे आहे, दुसऱ्याला तिची बटणे. दोघांनाही देऊ नये. म्हातारी धाकटीची. तिला विजेचे काही कळत नाही, म्हणून म्हातारी काय करते ते इथे लिहून ठेवते. यांनी मला लग्नानंतर समजावले होते आणि मला ते समजायला वर्षे लागली. लिहिण्याने कोणाला लवकर समजले तर बरे.

साधा स्कोप विजेचा धक्का येतो तशी त्याची रेघ काढतो. पण काही धक्के इतके झटपट असतात की रेघ काढणारा जागा होईपर्यंत ते येऊन गेलेले असतात. म्हातारी अशांसाठी आहे. तिची मागणी एकच, धक्का पुन्हा पुन्हा यावा आणि दर वेळी तोच यावा. मग ती एका धक्क्यातून एकच ठिपका घेते.

हे काम तिच्या टायमिंग युनिटचे. धक्का आला की युनिटातला ट्रिगर त्याला ओळखतो. ओळखताच आत एक व्होल्टेज भराभर चढू लागते. शेजारी दुसरे व्होल्टेज असते, ते एका पायरीवर थांबलेले. चढणारे त्या पायरीच्या उंचीला पोचले की त्याच क्षणी झडप उघडून मिटते आणि धक्क्याचा तेवढा क्षण हाती लागतो. पडद्यावर एक ठिपका. लगेच थांबलेले एक पायरी वर सरकते. पुढच्या धक्क्याला चढणाऱ्याला किंचित अधिक चढावे लागते, म्हणून झडप किंचित उशिरा उघडते, म्हणून नवा ठिपका धक्क्यातल्या किंचित पुढच्या क्षणाचा असतो. असा जिना वरपर्यंत गेला की ठिपक्यांची रेघ होते. धक्क्याचा पूर्ण आकार समोर दिसतो. तो कुठल्याही एका धक्क्याचा आकार नसतो. किती तरी धक्क्यांनी एकेक ठिपका दिलेला असतो.

मी यांना म्हटले होते, "म्हणजे चित्र खोटंच की."

हे रागावले. "खोटं कसं? प्रत्येक ठिपका खरा आहे."

धक्का ओळखणारा टनेल डायोड मिरीच्या दाण्याएवढा आहे. त्याला विजेचा थोडा रेटा देऊन काठावर आणून ठेवलेले असते. रेटा जरा अधिक झाला तर काही आलेले नसतानाही तो उडत राहतो. जरा कमी झाला तर काहीही येवो, ढिम्म. आणि तो चांगला आहे की मेला हे पाहायला मल्टिमीटर लावू नये. चांगला असला तर त्या तपासणीनेच मरतो. यांच्या हाताखाली शिकायला आलेला प्रत्येक माणूस एकदा ही चूक करून गेला.

डॉक्टरांच्या मदतनिसाने यांना वार विचारला, महिना विचारला, मुलांची नावे विचारली, आणि उलटे आकडे मोजायला लावले. तिने गोड आवाजात विचारले. त्यानंतर बरेच दिवस हे ढिम्म होते. मी म्हटले, मल्टिमीटर लावला.

भावोजी. यांच्या धाकट्या भावाला मी ती केबल देते. कोणती ते त्यांना कळेल.

म्हातारीला एक पेटी होती आणि पेटीत केबलीचे मोठे वेटोळे होते. ट्रिगरला धक्का ओळखायला, जिना गाठायला, झडप उघडायला थोडा वेळ लागतोच. तेवढ्यात धक्क्याचा आरंभ निघून जातो. म्हणून धक्का दोन वाटांनी पाठवतात. एक वाट थेट ट्रिगरकडे. दुसरी त्या लांब वेटोळ्यातून, म्हणजे त्याने उशिरा पोचावे आणि पोचेपर्यंत झडप तयार असावी. वेटोळे काही करीत नाही, नुसते लांब असते. ते असले तरच आरंभ दिसतो.

आम्ही गावाला गेलो होतो आणि किल्ली भावोजींकडे होती. परत आलो तेव्हा पेटी रिकामी होती.

"वहिनी, एवढी वायर नुसती गुंडाळून ठेवलेली!" भावोजी म्हणाले. "गच्चीवरच्या अँटेनाला जोडली. या बघायला, काय झकास चित्र येतंय."

हे बघायला गेले. चित्र पाहिले. "छान येतंय," म्हणाले आणि घरी आले. तशी केबल पुन्हा मिळाली नाही. त्या दिवसापासून म्हातारीला कुठल्याही गोष्टीची सुरुवात दिसत नाही. धक्का चढून गेल्यावर मधूनच दिसू लागतो. भावोजींशी मी पुढे बरीच वर्षे फक्त लग्नकार्यात बोलले, आणि तेही "जेवलात का" एवढेच. गच्चीवर तुटून लोंबकळणारा जो तुकडा उरला आहे तो त्यांनी न्यावा. मी रागावलेली नाही. रागावले असते तर पूर्ण केबल परत मागितली असती.

यांच्याविषयी. वकिलांच्या मसुद्यात जिथे एक ओळ होती तिथे हे वाचावे.

थोरल्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. मुलांना हे ठाऊक आहे, पण एवढेच ठाऊक आहे. ती जन्मली आणि ऊन उतरायच्या आत गेली. मी तापात होते. दवाखान्यातून हे तिला घेऊन गेले आणि एकटे परत आले. मी विचारले, "कुठे?" ते म्हणाले, "झालं सगळं." त्यांच्या तोंडाकडे बघून मी पुढे विचारले नाही. नंतर विचारायची वेळ कोणती, हे मला कधी ठरवता आले नाही. आधी फार लवकर होते, मग उशीर झाला होता. आमच्या दोघांत ती गोष्ट भांड्यासारखी पालथी पडून राहिली. तिला नाव नव्हते, त्यामुळे हाक मारून रडायचीही सोय नव्हती.

यांची आठवण जाऊ लागली तेव्हा ती गोष्टही गेली असे मी धरून चालले. मग एक दुपार आली. गिऱ्हाइके कधीच बंद झाली होती, पण म्हातारी चालू ठेवली की हे शांत असतात, म्हणून मी ती चालू ठेवीत असे. ठिपका पडद्यावर एकाच जागी अडकला होता. मी स्वयंपाकघरातून आले आणि जुन्या सवयीने बोलून गेले, "अहो, जिना सरकत नाहीये."

हे उठले. चष्मा शोधला नाही. ट्रिगरच्या नॉबवर हात ठेवला, किंचित पुढे, किंचित मागे, आणि काठावर आणून थांबवला. ठिपके चालू लागले. तसे पडद्याकडे बघत ते म्हणाले, "फरशी ओली होती. पुसणारी म्हणाली, दादा, जपून."

मी म्हटले, "कुठली फरशी?" आणि ते गप्प झाले. ती माझी मल्टिमीटरची चूक.

दुसऱ्या दुपारी मी मुद्दाम बटण जरा फिरवून ठिपका अडकवला आणि तेच बोलले. तेच घडले. नॉब, ठिपके, "फरशी ओली होती. पुसणारी म्हणाली, दादा, जपून. बाहेर गाडी मिळाली नाही. बस आली." मी काही विचारले नाही. ते बस आली म्हणून थांबले.

तेव्हापासून दर दुपारी हेच. रोज तीच सुरुवात. रोज कुठे तरी थांबणे. कधी कालच्यापेक्षा शब्दभर पुढे, कधी बरेच मागे. यांचा जिना म्हातारीसारखा एकसारखा नाही. पण हाती लागले ते लागले. ते मी इथे जोडून लिहिते, म्हणजे माझ्याबरोबर जाणार नाही.

फरशी ओली होती. पुसणारी म्हणाली, दादा, जपून. बाहेर गाडी मिळाली नाही. बस आली. कंडक्टर म्हणाला, एकच? यांनी म्हटले, एक. तो म्हणाला, बाळाचं पडत नाही. खिडकीजवळची एक बाई उठली. बसा हो दादा, लेकरू झोपलंय. हे बसले. ती बाई दांड्याला धरून शेजारी उभी राहिली. म्हणाली, वारं लागतंय, डोकं झाका तिचं. यांनी रुमाल काढून झाकले. रुमाल कधी पांढरा असतो, कधी निळ्या काठाचा. ठिपके थोडे पसरतातच. मी दोन्ही ठेवले आहेत. बाईने विचारले, कुणावर गेलीय? यांनी म्हटले, आईवर.

हा ठिपका मिळाला त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. मी तिला पाहिले नव्हते. कोणावर गेली होती ते मला इतक्या वर्षांनी कळले.

पुढे असे आहे. बाई उतरली. उतरताना म्हणाली, जपा हो. हे शेवटच्या थांब्याच्या आधी उतरले. तिथे भिंत होती. भिंतीला धरून चालले.

इथे ते थांबतात. पुष्कळ दिवस इथेच थांबत आहेत. भिंत कसली, फाटक कुठे, आत कोण होते, तिला कुठे ठेवले, हे अजून यायचे आहे. आरंभही नाही. ती यांच्या हातात कोणी दिली, यांनी तोंड पाहिले का, हे ओल्या फरशीच्या आधीचे आहे आणि ते कधी दिसेल असे वाटत नाही. आरंभावर मी पाणी सोडले आहे. शेवट मात्र हवा आहे. माझी मुलगी कुठे आहे ते मला कळायला हवे होते. मला कळायला वेळ उरला नसेल तर घरात कोणाला तरी कळावे.

म्हणून यांना टेबलापासून हलवू नये. हिरवळीवर कोणी जिना सरकत नाही म्हणणार नाही. तिथे यांची सगळी काळजी घेतील, वेळच्या वेळी खाऊ घालतील, आणि हे तिथे ढिम्म बसून भिंतीला धरून चालत राहतील, आत, एकटे.

जो कोणी यांच्याजवळ राहील त्याने हे ध्यानात ठेवावे. धाकटी असावी असे मी लिहिले आहे, म्हणून आता तिलाच सांगते.

म्हातारी सकाळीच चालू कर, तिला तापायला वेळ लागतो. डाव्या बाजूचे बटण जरा फिरवून ठिपका तू अडकव, उजवीकडचा ट्रिगरचा नॉब मात्र त्यांना फिरवू दे. त्यांच्या उजव्या हाताला उभी राहा. समोर उभी राहू नकोस, पडदा झाकला जातो. बोलायचे ते एवढेच आणि याच शब्दांत: "अहो, जिना सरकत नाहीये." "अहो" तुझ्या तोंडी यायचे नाही, "बाबा" म्हटलेस तर चालते का ते मला माहीत नाही. करून पाहावे लागेल. ते बोलत असताना हुंकार भरू नकोस. थांबले की पुढे ढकलू नकोस. एकदा बोलून झाले की लगेच पुन्हा विचारू नकोस. म्हातारीसुद्धा ठिपका घेतल्यावर थोडा वेळ बहिरी असते, तो वेळ तिला लागतो, नाहीतर ती भलत्याच जागी सुरू होते. चुकीचे सांगत आहेत असे वाटले तरी दुरुस्त करू नकोस. आणि सोल्डरिंगचा प्लग काढून ठेवत जा.

त्यांना मी गेल्याचे एकदाच सांग. दर वेळी विचारतील, दर वेळी नव्याने सांगू नकोस. बाजारात गेलीय म्हण. मी बाजारात वेळ लावते हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

धाकटे, तुझ्या कवळ्यांना मधली खोली पुरेल. उजेड चांगला आहे. मी मोजून पाहिली नाही, नजरेने पाहिली. तू येशील की नाही हे नजरेने कळत नाही.

बारीकसारीक. माझी पुस्तके शाळेला. भिंगाचा दिवा खालच्या शिंप्याला द्यायचा होता, त्याची नजर गेली आहे आणि तो काजे वाकडी करतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकील म्हणाले. म्हणून तो आजच देऊन टाकला. शिंपी म्हणाला, "वहिनी, मरायच्या आधी देताय म्हणजे व्याजासकट परत मागाल."

यांची सोल्डरिंगची हत्यारे, पकडी आणि चिमटे जिथल्या तिथे ठेवावेत. ते कोणालाही देत नाही. हे रोज हात लावून बघतात.

मला पुरायचे की जाळायचे ते मुलांनी ठरवावे. भिंतीचा ठावठिकाणा लागला तर त्यांनी एकदा तिथे जाऊन यावे. मला तिथे नेण्याचा खटाटोप करू नये. जाताना बसने जावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. त्यात एक 'की' जास्त झाला होता, तो काढला. मजकूर माझा आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खाली सही करते. दोन्ही साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आणि मी त्यांची पाहिली.

स्थळ: पुढची खोली, टेबलाचे रिकामे टोक.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तो.

सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार: सही, शिंपी, तळमजला.
साक्षीदार: सही, औषधांच्या दुकानाचे मालक, समोरची इमारत.

* * *

सहीनंतरची नोंद, दुसऱ्या दिवशी सकाळी.

शिंप्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने धाकटीला फोन केला होता. ती पहिल्या गाडीने आली, पिशवी खांद्यावरून न काढता खिडकीशी उभी राहिली आणि सगळे वाचले. मधे एकदा तिने पाठ फिरवली. मग पान माझ्यापुढे टाकले.

"अट घालून घर देतेस मला?"

"अट म्हणजे कायद्याची भाषा आहे ती."

"मला शिकवू नकोस. खोड ती."

"मग येणार नाहीस तू?"

"येणार की नाही ते मी सांगेन, आई. तू लिहायचं नाही. बापाला मी घरभाड्यापोटी सांभाळणार नाही."

मी अट खोडली. घर धाकटीला, एवढेच ठेवले. शिंप्याला आणि औषधवाल्यांना पुन्हा वर बोलावून समासात सह्या घेतल्या. शिंपी म्हणाला, या मृत्युपत्राला अजून किती ट्रायल आहेत. धाकटीने पिशवी मधल्या खोलीत ठेवली आणि प्लास्टरचे यंत्र ठेवायला कोपरा बघू लागली.

हे झोपेतून उठून दारात आले. यांनी माझ्या नावाने हाक मारली. ओ द्यायला मी तोंड उघडले होते. त्याआधी धाकटीने ओ दिली आणि ते तिच्याकडे गेले.